चार वर्षं धरली होती

ते मशीन आमच्या घरी पितृपंधरवड्यात आलं. त्या दिवसांत आमच्याकडे नवी वस्तू घेत नाहीत. पण ते घेतलेलं नव्हतंच, नुसतं बघायला आणलं होतं. दुकानदाराशी माझं बोलणं तसंच झालं होतं आणि बायकोलाही मी तेच सांगितलं.

रिक्षावाला आणि मी मिळून खोकं उतरवत होतो. ती दारात उभी होती.

“बघायला म्हणजे? साडी आहे का ती, घडी मोडून बघायला?”

“लाकूड कापायचं मशीन आहे. आबांना दाखवायचं. पसंत पडलं तर घ्यायचं, नाहीतर परत.”

“मग पंधरवडा संपल्यावर आणायचं.”

“पंधरवडा संपला की त्याच्याकडे गिऱ्हाइकं येतात. मग तो कशाला देईल बघायला?”

हे तिला पटलं. तरी खोकं तिनं घरातून नेऊ दिलं नाही. बाजूच्या बोळातून मागच्या शेडमध्ये न्यायला लावलं. “घरातून नेलं की ते घरात आलं,” म्हणाली.

आमचं घर नगरच्या बाहेर, केडगावला. मी एका दूध संघाच्या हिशोब विभागात नोकरी करतो. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात सुतारकी केली. औतं, पाभरी, बैलगाड्यांची चाकं, घरांच्या चौकटी. सुगी झाली की ज्याचं काम केलं त्याच्या खळ्यावरून धान्य यायचं. पुढे लोखंडी अवजारं आली, ट्रॅक्टर आले, धान्य येणं थांबलं. आई गेली, माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं, तेव्हा घरात जागा झाली आणि मी आबांना घेऊन आलो. ते दोन कपड्यांची पिशवी आणि हत्यारांची पेटी घेऊन आले. पेटी पिशवीपेक्षा जड होती. मागच्या अंगणात मी त्यांना पत्र्याची शेड घालून दिली.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. आबा देव्हारे करायचे, पाट, चौरंग, तसबिरींच्या चौकटी करायचे. केडगावात कुणाच्या घरी वास्तुशांत असली की देव्हारा आबांकडचा असायचा. मग त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी शेक सांगितला, गोळ्या दिल्या आणि करवत ओढायची नाही असं बजावलं. रंधा कसाबसा चालायचा, पटाशी चालायची, आखणी तर उत्तमच. पण करवत मध्यावर आली की हात थरथरायचा आणि काप रेघ सोडायचा.

आमच्या मागच्या गल्लीत एक शाळामास्तर राहतात. त्यांच्या समाजाचं विहार नुकतंच बांधून झालं होतं आणि तिथल्या मोठ्या तसबिरीची चौकट त्यांनी आबांना सांगितली होती. चौकटीचे कोपरे तिरके कापून जुळवावे लागतात, दोन्ही बाजूंना नेमके पंचेचाळीस अंश. पट्टी रुंद, सागवानी. आबांनी चार दिवस घेतले. तिसऱ्या कोपऱ्यात फट राहिली. पोस्टकार्ड आत जाईल एवढी. त्यांनी ती लांबीच्या लगद्यानं बुजवली, वरून पॉलिश मारलं. मास्तर न्यायला आले, छान झालीय म्हणाले आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरला. त्यांनी आबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. पैसे ठरल्याप्रमाणे दिले.

त्यानंतर आबांनी काम घेणं बंद केलं. कुणी आलं की “आता ऱ्हाऊ द्या” म्हणायचे. रोज शेडमध्ये मात्र बसायचे आणि धार असलेल्या पटाश्यांना पुन्हा धार लावायचे. तो दगडावर पातं घासल्याचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. बायको एकदा म्हणाली, “अशानं पटाश्या संपून जातील हो.” तिनं ते हसत म्हटलं होतं, पण मग उठून स्वयंपाकघराचं मागचं दार लोटून घेतलं.

म्हणून मी त्या मशीनकडे पाहिलं. एरवी पाहिलं नसतं.

माळीवाड्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मी वर्षानुवर्षं आबांसाठी स्क्रू, बिजागऱ्या, सरस नेत असे. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलका. मी स्क्रू मोजून घेतो, पुडीत जास्त आले तर जास्तीचे परत देतो, म्हणून तो मला गमतीनं “ऑडिटर साहेब” म्हणायचा. त्या दिवशी त्याच्या काउंटरवर ते नवीन आलेलं मशीन होतं. परदेशी बनावटीचं, नगरात पहिलंच, असं तो म्हणाला. तिरका काप घेणारी कटर मशीनं त्यापूर्वी मी एकदोन पाहिली होती, पण त्यांचं पातं जागच्या जागी खाली यायचं, त्यामुळे रुंद फळी कापता येत नसे. याचं पातं दोन चकचकीत दांड्यांवरून पुढे-मागे सरकत होतं. खाली फिरणारा गोल पाट आणि त्याच्या कडेला कोरलेल्या अंशांच्या खुणा. त्यानं पाट पंचेचाळीसवर आणला, पट्टी ठेवली, मूठ दाबून हलकेच पुढे सरकवली. मग दुसरी बाजू. दोन्ही तुकडे जुळवून त्यानं दिव्यासमोर धरले.

“बघा उजेड दिसतो का.”

दिसला नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी दिसला नाही.

“ताकद लागते का?” मी विचारलं.

“दारावरची बेल दाबायला लागते तेवढी.”

मला आबांचा खांदा दिसत होता. किंमत विचारली. ती माझ्या पाच पगारांएवढी होती. मी पुडी खिशात घालून निघालो तसा तो म्हणाला, “साहेब, पंधरवडा चाललाय, काळं कुत्रं दुकानात येत नाही. घेऊन जा. मिस्त्रींना वापरून बघू द्या. दसऱ्याला एकतर पैसे आणा नाहीतर मशीन आणा. दसऱ्याला मात्र मला पाहिजे, तेव्हा लोक नव्या वस्तू घ्यायला येतात.”

“चिठ्ठी लिहून देतो.”

“तुमची चिठ्ठी कशाला? एक स्क्रू जास्त गेला तर दोन मैल परत येणारा माणूस तुम्ही.”

असं ते मशीन आलं.

अमावस्येपर्यंत आबांनी त्याला हात लावला नाही. खोक्यातून काढलं, फळीवर ठेवलं, आणि समोर बसून नुसतं बघत राहिले. अमावस्या झाली, घट बसले, त्या सकाळी त्यांनी अंघोळ करून शेडमध्ये जाऊन मला हाक मारली. मी बटण लावलं. पातं फिरायला लागलं तसे ते एक पाऊल मागे सरले.

“वरडतंय लई.”

“सवय होईल.”

“त्येला का मला?”

त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली, पट्टी टेकवली आणि डाव्या हातानं मूठ खाली घेतली. काप होईपर्यंत त्यांनी रेघेवरून नजर हलवली नाही. मग बटण बंद करून त्यांनी कापलेल्या टोकावर बोट फिरवलं. रेघेचा अर्धा भाग पट्टीवर होता, अर्धा गेला होता. म्हणजे काप रेघेच्या बरोबर मधून गेला होता.

“ह्येला रंधा मारायचं बी काम न्हाई,” ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून भुसा झटकला. “लई येळ लावला ह्या बेट्यानं यायला.”

नवरात्रात ते रोज शेडमध्ये होते. वीज गेली की आखणी, आली की काप. मास्तर रस्त्यात भेटले तर आबांनी स्वतःहून त्यांना हाक मारली. “ती चौकट आणा की पुन्यांदा. कोपरा नीट करून देतो. पैसं नकोत.” मास्तर म्हणाले, “कोपऱ्याला काय झालंय? चांगला तर आहे.” आबा म्हणाले, “तुमी मास्तर हाय, तुमी असंच बोलनार.” घरी येऊन त्यांनी हा संवाद बायकोला दोनदा सांगितला.

आता माझ्याविषयी.

कुठलीही वस्तू घेताना ती किती दिवसांत वसूल होईल हे मी आधी बघतो. स्कूटर घेताना बसचं भाडं मांडलं होतं. मिक्सर घेताना पाट्यावर वाटायला लागणारा वेळ धरला होता. तेव्हा बायकोनं विचारलं होतं, “माझ्या वेळेचा भाव काय लावलात?” आणि मी तो सांगितलाही होता. ती हसली होती. फार मोठ्यानं नाही.

मशीनचंही मी तसंच मांडलं. कागदावर नाही. संघाच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, डबा खाताना, मनातल्या मनात. आबा महिन्याला किती देव्हारे करतील, लाकडाला काय जाईल, वीज किती खाईल, पातं धारेला किती वेळा जाईल. हे सगळं सोपं होतं. एकच आकडा राहिला होता. किती वर्षं?

दुकानदार मशीन दहा वर्षं चालेल म्हणाला होता. पण मशीन एकटं चालत नाही. मला करवत धरता येत नव्हती, मुलगी तिच्या घरी, आबांनंतर त्याला हात लावणारं घरात कुणी नव्हतं. तेव्हा मशीनची वर्षं म्हणजे आबांची वर्षं. मी आजोबा कोणत्या वयात गेले ते आठवलं. थोरले चुलते कोणत्या वयात गेले ते आठवलं. सरासरी काढली. त्यातून आबांचं आजचं वय वजा केलं. थोडा खोकला असतो म्हणून थोडं कमी केलं. चार उरली.

भेंडीची भाजी होती त्या दिवशी डब्यात. समोर बसलेल्या सहकाऱ्यानं लोणचं पुढे केलं, मी घेतलं. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे मला आज सर्वांत जास्त लागतं. उलट, भावनेत न वाहता आकडा काढला याचं समाधानच वाटलं असावं.

चार वर्षांत मशीन वसूल होत नव्हतं. सहा धरली तर बरोबरी होत होती. सहा धरायला आधार नव्हता. पैसे नव्हते असं नाही. पोस्टात होते, आणि ते कशासाठी ठेवलेत असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण न परवडणारी वस्तू मी कधी घेतली नव्हती. मी परत करायचं ठरवलं.

आबांना सांगायचं मी आज-उद्या करत राहिलो. संघात दिवाळीच्या बोनसची कामं चालू झाली होती, उशीर व्हायचा. खरं म्हणजे घरी आलो की शेडमधून त्यांची हाक यायची, “ये, बघून जा,” आणि मी एखादा सांधा दिव्यासमोर धरून “वा” म्हणायचो. तसं म्हटल्यावर पुढे सांगता यायचं नाही.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. गावी असताना आबा आदल्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुसून ठेवत आणि त्या दिवशी एकाही हत्याराला कामाला लावत नसत. मी अंघोळ करून मागे गेलो तेव्हा पूजा होऊन गेली होती. फळीवर पांढरं धोतर अंथरलं होतं. त्यावर करवती, रंधे, पटाश्या, वाकस, गुण्या, सगळं ओळीनं, प्रत्येकावर हळदी-कुंकवाची बोटं. मधोमध मशीन. त्याच्या मुठीला झेंडूची माळ. गोल पाटावर आबांनी पाची बोटांनी हळद ओढली होती आणि ती त्या कोरलेल्या खुणांमध्ये जाऊन बसली होती. नारळ फोडलेला होता. त्याचं पाणी आबा पात्यावर शिंपडत होते.

“ये, नमस्कार कर,” ते म्हणाले. “घरात नवं हत्यार आलंय.”

बायको प्रसादाची वाटी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि आज सकाळी आबांना सांगतो असंही म्हटलं होतं. मी नमस्कार केला. उद्या परत करायच्या वस्तूला वाकून, डोकं टेकवून नमस्कार केला.

संध्याकाळी सांगावंच लागलं. आबा ओट्यावर बसले होते.

“आबा, उद्या मशीन परत द्यायचंय.”

“का रं?”

“परवडत नाही.”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “काल सांगायचं हुतंस. मी नारळ फोडला नसता.”

“चुकलंच.”

“पूजल्यालं हत्यार कुनी भाईर काढत न्हाई. आमच्या वेळी करवत इकायची पाळी आली तरी मान्सं नवमीच्या आदी इकायची.” ते उठले. “मी बी येतो उद्या. तू एकट्यानं जाऊ नको त्येच्यापुढं.”

हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं होतं. मला वाचवायला ते येत होते.

दसऱ्याच्या सकाळी सगळं नगर काहीतरी घ्यायला बाहेर पडलेलं. आम्ही रिक्षात खोकं मध्ये घेऊन बसलो. दुकानाला तोरण होतं, तराजूला हार होता. एक फर्निचरवाला बिजागऱ्या निवडत होता. दुकानदारानं आम्हाला पाहिलं आणि पेढ्यांचा पुडा उघडला.

“या या, ऑडिटर साहेब! आज मिस्त्रीपण! तोंड गोड करा आधी.”

“मशीन परत आणलंय,” मी म्हणालो.

त्याचा हात पुड्यावर थांबला. त्यानं खोक्याच्या फळ्या उघडल्या. दांड्यांमध्ये झेंडूची एक पाकळी अडकली होती.

“साहेब, याची तर पूजा झालीय.”

“झाली. माझ्याकडून सांगायला उशीर झाला.”

“पूजा करून परत आणलेलं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही.” तो हसायला गेला, पण आबा होते म्हणून आवरलं. “काय बिघाड निघाला का?”

फर्निचरवाला आता ऐकू लागला होता. दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर चांगल्या मालाला बोल लागू नये, असं मला वाटलं. माझा हा स्वभाव आहे. इथं नुसतं “नाही जमत” म्हणून गप्प बसलो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं.

“बिघाड काहीच नाही. मशीन उत्तम आहे. मी हिशोब केला, वसूल होत नाही.”

“किती वर्षांत?”

“चार.”

“चार?” तो मोठ्यानं म्हणाला. “साहेब, याला दहा वर्षं काही होत नाही! लिहून देतो पाहिजे तर.”

“दहा बरोबर आहे. मशीन दहा चालेल.”

“मग चार कशाची धरलीत?”

मी काहीही सांगू शकलो असतो. बदली होणार आहे, घर हलवायचं आहे, काहीही. मला चटकन खोटं सुचत नाही, आणि या गोष्टीचा मला तोवर थोडा अभिमान होता. मी तराजूकडे बघत राहिलो. फर्निचरवाल्यानं हातातली बिजागरी खाली ठेवली.

आबा खिळ्यांच्या पोत्यावर टेकले होते.

“माजी,” ते म्हणाले.

दुकानदाराला कळलं नाही. “काय, मिस्त्री?”

“मशीनची न्हाईत ती. माजी धरलीत त्येनं.”

मग आबा माझ्याकडे वळून, बाजारात भाव ऐकून बोलावं तसं म्हणाले, “लई धरलीस की रं. मी तीनच धरली असती.”

दुकानदार हसला आणि लगेच थांबला. मी म्हणालो, “मशीन राहू द्या. मी घेतलं. पैसे उद्या पोस्टातून काढून आणतो.”

“आता न्हाई,” आबा म्हणाले.

“आबा, ऐका तरी...”

“आता घेतलंस तर मी रोज त्येच्याम्होरं बसून काय करू? ती चार मोजू?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते उठले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मशीनवरचं हळदी-कुंकू पुसायला लागले. दुकानदार म्हणाला, “राहू द्या मिस्त्री, दुकानातला पोरगा पुसेल.” आबा म्हणाले, “मी लावलंय, मीच काढतो.” मूठ पुसली, दांड्या पुसल्या, पाट पुसला. त्या कोरलेल्या खुणांमधली हळद मात्र निघेना. त्यांनी नख लावून पाहिलं, मग सोडून दिलं. काळ्या धातूवर एकेक अंश पिवळा, स्पष्ट वाचता येत होता.

फर्निचरवाला पुढे आला. “मी घेतलं तर चालेल का हो? पूजा झालेलं हत्यार...”

“तुमाला काय, फुकट पूजा मिळाली,” आबा म्हणाले. “फकस्त त्येला परत करू नका कुनाला. दोनदा भाईर काढल्यासारखं हुईल.”

त्यानं तिथंच घेतलं. मी दुकानदाराला पातं वापरल्याचे पैसे देऊ लागलो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाकीट खिशात घातलं. त्या दिवसापासून त्यानं मला ऑडिटर साहेब म्हणणं सोडलं. नुसतं साहेब म्हणतो. पेढे त्यानं आम्हाला दिले. आबांनी खाल्ला.

परत येताना रिक्षात मध्ये खोकं नव्हतं, तरी आम्ही दोघं दोन टोकांना बसलो होतो. केडगाव जवळ आल्यावर आबा म्हणाले, “आपट्याची पानं घ्यायची ऱ्हायली.” उतरून पानं घेतली.

संध्याकाळी सोनं देताना मी त्यांच्या पाया पडलो. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते दर दसऱ्याला म्हणतात तेच म्हणाले, “शंभर वर्सं जग.” मी खाली वाकलेला होतो, लगेच वर होता आलं नाही.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मिक्सरच्या वेळीच मी बोलायला पाहिजे होतं.”

त्यानंतरच्या रविवारी मी शेडमध्ये गेलो. आबा धार लावत होते. मी भिंतीवरची मोठी करवत काढली. “रेघ मारून द्या,” म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, करवत माझ्या हातातून घेतली, उलटी होती ती सुलटी करून दिली.

तेव्हापासून रविवार तसाच जातो. आबा आखतात, मी ओढतो. माझे काप वाकडे जातात. “कचेरीत आकडं सरळ मांडतोस म्हनं,” आबा म्हणतात, “मंग करवत का वाकडी जाती?” देव्हारा व्हायला दोन-दोन महिने लागतात. एकदा मास्तर दुसरी चौकट सांगायला आले. काप माझे असतील असं मी आधीच सांगून टाकलं. मास्तर म्हणाले, “मग लांबीचा डबा मी आणतो.” आबा एवढे हसले की खोकला लागला. खोकला लागला की मी अजून दचकतो. तो मी हिशोबात धरला होता.

त्या फर्निचरवाल्याचं दुकान माझ्या कचेरीच्या रस्त्यावर आहे. उन्हाळ्यात दार उघडं असतं आणि पात्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. मी तिथून जाताना स्कूटरचा वेग वाढवतो.

दर खंडेनवमीला आबा फळीवर धोतर अंथरतात, हत्यारं ओळीनं मांडतात. मधोमध जागा रिकामी सुटते. मुद्दाम सोडतात की पहिल्या वर्षीची सवय राहिलीय, मी विचारलेलं नाही. पहिली काही वर्षं त्यावर कुणी काही बोललं नाही. मग एका नवमीला, हळद कालवता कालवता आबा सहज म्हणाले, “चार झाली.”

मला कळलं. बायकोलाही कळलं. ती वाटी घेऊन आत गेली.

“आता हितनं म्होरं समदा बोनस,” आबा म्हणाले. “तुमच्या संघात देत्यात तसा.”

यंदाच्या नवमीला मी त्यांच्याबरोबर मांडायला बसलो होतो. ते आता पूर्वीसारखे वाकू शकत नाहीत, मी एकेक हत्यार हातात देतो आणि ते जागेवर ठेवतात. डोळे मात्र अजून चांगले आहेत, रेघ अजून सरळ येते. त्या रिकाम्या जागेशी त्यांचा हात थांबला. दुकानात आता तसलंच, पण हलकं मशीन आलंय, मी पाहून आलो होतो. किंमत विचारली नव्हती. मुद्दाम विचारली नव्हती.

“आबा,” मी म्हणालो, “आणू का आता?”

त्यांनी हळदीचं बोट उपरण्याला पुसलं. माझ्याकडे पाहिलं.

“आता किती धरलीस?”

मी एकही धरलेलं नाही, असं सांगायला तोंड उघडलं. पण त्यांनी विचारलं त्याच क्षणी माझ्या डोक्यात एक आकडा येऊन गेला होता. मी काढला नव्हता, आपोआप आला. आजोबांचं वय, चुलत्यांचं वय, वजाबाकी, खोकला. तो किती होता ते मी इथंही लिहीत नाही. तोंड तसंच मिटलं.

आबांनी माझा चेहरा वाचला. रागावले नाहीत. झेंडूचं एक फूल उचलून त्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “नारळ फोड.”